बारा अक्षरांची यादी

गिरगावातल्या जुन्या चाळीत दोन बिऱ्हाडांमधली भिंत म्हणजे लाकडी चौकटीत भरलेल्या विटा, आणि कित्येक ठिकाणी तर नुसतं फळ्यांचं पार्टिशन. वायफायच्या लहरींना असली भिंत अडवत नाही. पहिल्या मजल्यावर राउटर लावला की त्याचं नाव शेजारच्या खोल्यांत, वरच्या मजल्यावर आणि खाली चौकातही फोनवर दिसतं. नायगावच्या किंवा ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत भिंती काँक्रीटच्या, पण खोली १६० चौरस फुटांची, मजल्याला २० खोल्या आणि इमारतीत ८०. तिथे लहर दारातून पॅसेजमध्ये येते आणि समोरच्या उघड्या दारातून आत जाते. अशा वस्तीत ‘आपलं नेट कोण वापरतंय’ हा प्रश्न रास्तच आहे. त्यावर हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे मॅक फिल्टरिंग: घरातल्या फोन-टीव्हीची यादी राउटरमध्ये भरायची, म्हणजे यादीबाहेरचं काही जोडलंच जाणार नाही. कोणाला जोडू द्यायचं हे त्या घरानंच ठरवावं, याबद्दल दुमत नाही. पण ते या यादीनं ठरत नाही, पासवर्डनं ठरतं. आणि यादी केली म्हणून निर्धास्त झालेल्या घराचं पासवर्डकडे लक्ष जात नाही, हा तिचा खरा तोटा आहे.

यादी कशी होते ते पाहिलं तर तिची मर्यादाही दिसते. ब्राउजरमध्ये १९२.१६८.१.१ असा काहीसा आकडा टाकायचा, राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवरचं नाव आणि पासवर्ड भरायचा, मग वायरलेसच्या पानावर मॅक फिल्टर सापडतं. प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता बारा अक्षरांचा, दोन-दोनच्या जोड्यांत लिहिलेला; त्यात शून्य ते नऊ आकडे आणि इंग्रजी ए ते एफ. मूळ पत्त्यातली पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची, उरलेली सहा त्या कंपनीनं त्या नगाला दिलेली. आजोबांच्या फोनपासून प्रिंटरपर्यंत एकेकाच्या सेटिंगमध्ये शिरून हा पत्ता शोधायचा आणि चूक न करता उतरवायचा. एक आठ बी म्हणून वाचला गेला की टीव्ही लागत नाही. एवढी मेहनत ज्याच्यावर घ्यायची तो पत्ता मात्र गुपित नसतो. वायफायचं डब्ल्यूपीए-२ सारखं एन्क्रिप्शन आतला मजकूर झाकतं, पण पाठवणाऱ्याचा पत्ता प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर उघडाच राहतो. बंद पाकिटावर नाव-पत्ता बाहेरच्या बाजूला असतो, तसा. तो ऐकणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात आणि लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता एखाद्या आज्ञेनं बदलता येतो. म्हणजे नेटवर्कला पासवर्डच नसेल तर यादीतला एखादा पत्ता ऐकून तो धारण करायचा, काम झालं. आणि पासवर्ड असेल तर घुसणाऱ्याला खरा अडसर त्या पासवर्डचा. तो फोडण्याइतकं ज्याला जमतं, त्याला यादी पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त अडवत नाही.

‘आम्हाला हॅकर अडवायचा नाही, शेजारचा मुलगा दिवसभर गेम खेळतो तेवढा थांबवायचा आहे,’ असं यावर म्हटलं जातं. मग नुसता त्याच्या फोनचा पत्ता नकाराच्या यादीत टाकला जातो. इथे तर हॅकरगिरीचीही गरज उरत नाही. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा पत्ता सहसा सांगतच नाही. प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट पत्ता तयार करून तोच वापरतो. दुकानांत, मॉलमध्ये माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून केलेली ही सोय चांगलीच आहे. राउटरवरच्या यादीत ती डोळ्यांनी दिसते: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो फोननं स्वतः रचलेला पत्ता. आता त्या मुलानं आपल्या फोनमध्ये त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन रचलेल्या पत्त्याऐवजी फोनचा खरा पत्ता निवडला, की राउटरच्या लेखी तो नवाच फोन ठरतो आणि बंदी जागच्या जागी राहते. दहावीतलं कोणतंही पोर हे एका संध्याकाळी शोधून काढेल.

‘चाळीतल्या घराच्या वायफायवर कोण कशाला टपून बसेल?’ हा आक्षेप अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण मुंबईनं याचं उत्तर एकदा दिलेलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणारा ईमेल निघाला नवी मुंबईत सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या वायफायवरून. ऑगस्टमध्ये पुढचा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांनंतरचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. नेटवर्कच्या मालकांचा त्या मजकुराशी काडीचा संबंध नव्हता, पण पोलीस आधी पोचले ते त्यांच्याच दारात. याचं कारण तांत्रिक आहे. मॅक पत्ता राउटरच्या पलीकडे जातच नाही. घरातले सगळे फोन बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यानं दिसतात, आणि तो ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याचा असतो. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत रस्त्यांवर फिरले आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागानं सेवा देणाऱ्या कंपन्यांना सुरक्षित वायफायबद्दल सूचना काढल्या. घुसणाऱ्याला तुमच्या घरातलं काहीच नको असतं. त्याला फक्त तुमचं नाव वापरायचं असतं. खोली १६० फुटांची आहे की टॉवरमधला चार बेडरूमचा फ्लॅट, यानं त्याला फरक पडत नाही.

तेव्हा सगळा भार पासवर्डवर येतो, आणि आपल्याकडे तो नेमका तिथेच कच्चा असतो. जोडणी द्यायला आलेला माणूस घाईत असतो. विसरायला नको म्हणून तो ग्राहकाचा मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवून जातो. नंबर दहा आकडी खरा, पण सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ नंच होते, म्हणजे शक्यता ४०० कोटी. फोन राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण एकदा टिपली की घरी नेऊन त्यावर सावकाश प्रयोग करता येतात. सेकंदाला दहा लाख नंबर तपासणाऱ्या गेमिंगच्या ग्राफिक कार्डाला एवढ्या शक्यता संपवायला तासाहून थोडा जास्त वेळ पुरतो. आणि चाळीत तेवढाही खटाटोप लागत नाही. गणेशोत्सव मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकाचा नंबर असतोच! पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत ठेवता येतो. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, तर घरच्यांच्या लक्षात राहतात आणि कार्डाच्या आवाक्याबाहेर जातात. सोबत डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिननं जोडून घेण्याची राउटरमधली सोय, बंद करायची. त्याचा पिन आठ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, त्यामुळे एक कोटीऐवजी ११,००० प्रयत्नांतच तो सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालेलं आहे.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि माझ्या मते लोक यादीकडे वळतात ते तिच्यामुळेच. पासवर्ड एकदा दिला की परत घेता येत नाही. एका माणसासाठी तो बदलायचा तर घरातल्या प्रत्येक उपकरणात नव्यानं भरावा लागतो. शिवाय चाळीत नाही म्हणणं जड जातं. शेजारच्या काकूंच्या नातीची ऑनलाइन परीक्षा असते, गणपतीला कोकणातून आलेले पाहुणे असतात. दार दिवसभर उघडं ठेवणाऱ्या या वस्तीनं नेटच्या बाबतीत कंजूस व्हावं, असं मला मुळीच वाटत नाही. त्यासाठी बहुतेक राउटरांत पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क काढता येतं: वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि त्यावरून घरच्या प्रिंटर-कॅमेऱ्यापर्यंत पोचता येणार नाही अशी सोय. नातीला ते द्या, पाहुण्यांना द्या, अनंत चतुर्दशीनंतर पासवर्ड बदला; घरचा टीव्ही चालूच राहील. मात्र त्यावरून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट तुमच्याच आयपी पत्त्यावर लागते, म्हणून ते ओळखीच्याच माणसांना द्यायचं.

गिरगाव, लालबाग, परळमध्ये जोडण्या देणाऱ्या केबलवाल्यांना आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या मुलांना एक विनंती आहे. घरोघरी ते राउटरचं पान तुम्हीच उघडता. पासवर्डच्या रकान्यात ग्राहकाचा मोबाइल नंबर टाकू नका. घरातल्या कोणाला तरी समोर बसवा, त्यांच्याच तोंडून पाच शब्द घ्या आणि उठण्याआधी पाहुण्यांचं नेटवर्क सुरू करून द्या.