जीवविद्युत् अग्रे
जीवविद्युत् अग्रे : हृदय, स्नायू व मेंदू यांच्या कार्यामुळे शरीरात निर्माण होणारे सूक्ष्म विद्युत् संकेत त्वचेला छेद न देता मोजण्यासाठी तिच्या पृष्ठभागावर बसविण्यात येणारी संवाहक साधने. शरीरात विद्युत् प्रवाह आयनांच्या (विद्युत् भारित अणूंच्या वा अणुगटांच्या) हालचालीने वाहतो, तर तारेत तो इलेक्ट्रॉनांच्या हालचालीने वाहतो. एका प्रकारच्या प्रवाहाचे दुसऱ्यात रूपांतर अग्राच्या पृष्ठभागावर होते. आलेखातील बहुतेक दोष तेथे किंवा त्याखालील त्वचेत उद्भवतात आणि पुढील उपकरण कितीही उत्तम असले, तरी ते पूर्णपणे दूर करता येत नाहीत.

छातीवर मिळणारा हृदयाचा संकेत सु. १ मिलिव्होल्ट, तर डोक्याच्या त्वचेवर मिळणारा मेंदूचा संकेत १० ते १०० मायक्रोव्होल्ट इतकाच असतो. याउलट धातू व विद्युत् विच्छेद्य (आयनांद्वारे विद्युत् वाहून नेणारा विद्राव) यांच्या सीमेवर आपोआप निर्माण होणारे वर्चस् चांदी व सिल्व्हर क्लोराइड यांच्या अग्राच्या बाबतीत सु. ०.२२ व्होल्ट, म्हणजे हृदयाच्या संकेताच्या दोनशे पटींहून अधिक असते. दोन अग्रे सारखी व स्थिर असतील, तर ही वर्चसे परस्परांना रद्द करतात. त्यांपैकी एकात जरी बदल झाला, तरी तो आलेखात संकेत म्हणून उमटतो.

ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये लंडन येथे माणसाच्या हृदयाचा विद्युत् आलेख प्रथमच शरीराच्या पृष्ठभागावरून मिळविला. व्हिलेम आइंथोव्हेन यांनी १९०३ च्या सुमारास तंतु-गॅल्व्हानोमीटर वापरला, तेव्हा रुग्णाचे दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडविलेले असत. हा थाट आज गमतीचा वाटतो. तथापि संपर्काचे क्षेत्र मोठे व त्वचा पूर्ण भिजलेली असल्याने तो संपर्क उत्तम होता. तसाच ओला संपर्क हिंडत्याफिरत्या माणसाच्या अंगावर टिकविणे, हाच पुढील सुधारणांचा मुख्य हेतू राहिला.

धातूची निवड ही यातील पहिली पायरी होय. अगंज पोलाद किंवा प्लॅटिनम यांचे अग्र ध्रुवणशील असते, म्हणजे त्याच्या सीमेवर विद्युत् भार साचतो व ते धारित्रासारखे वागते. त्यामुळे संकेतातील मंद बदल अडतात. हृदयाच्या आलेखातील एस्–टी भाग असाच मंद असतो आणि हृद्‌स्नायूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याचे निदान पुष्कळदा त्यावरून करतात. त्या भागाची विकृती अग्रामुळे झाली असेल, तर निरोगी माणूस रोगी ठरण्याचा किंवा खरा रोग दृष्टीआड होण्याचा धोका असतो. सिल्व्हर क्लोराइडाच्या थरातून क्लोराइड आयनांची देवघेव दोन्ही दिशांनी सहज होते, म्हणून चांदीवर हा थर दिलेली अग्रे सर्वत्र रूढ झाली.

त्वचेचा प्रश्न अधिक कठीण आहे. तिचा सर्वांत बाहेरचा शृंगस्तर बहुतेक भागांत ०.०१ ते ०.०२ मिमी. जाडीचा, मृत पेशींचा व कोरडा असून विद्युत् प्रवाहाला मुख्य विरोध त्याचाच होतो. शिवाय त्वचा ताणली गेली की तिच्यातील वर्चस् काही मिलिव्होल्टांनी बदलते, म्हणजे हा बदल हृदयाच्या संकेतापेक्षाही मोठा असतो. बारीक पॉलिश कागदाने त्वचा हलकेच घासल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो, पण अधिक घासल्यास दाह होतो. धातू त्वचेला न टेकविता संवाहक जेलने भरलेल्या खोलगट वाटीत बसविल्यास हालचालीतही धातूलगतचा थर ढवळला जात नाही. चिकट फेसपट्टी, जेलने भिजलेला स्पंज आणि टिचबटनासारखी जोडणी असलेली, एकदाच वापरावयाची अग्रे याच तत्त्वावर बनवितात.

जेल वाळते व दीर्घकाळ त्वचेवर राहिल्यास खाज सुटते, म्हणून कोरड्या अग्रांचा शोध सुरू झाला. पी. सी. रिचर्डसन यांनी १९६७ मध्ये निरोधक थर असलेले, धारित्राप्रमाणे काम करणारे अग्र मांडले. अशा अग्राचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) फार मोठा असल्याने विवर्धक (संकेत मोठा करणारे मंडल) अग्रावरच बसवावा लागतो. दोन अग्रांचे संरोध असमान असले, तर वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा उपद्रवही वाढतो. मात्र हालचालीचा दोष कोरड्या अग्रांत उलट अधिकच जाणवतो.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील टी. पवार, एस्. चौधुरी व एस्. पी. दत्तगुप्त यांनी या दोषाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. अंगावर बाळगावयाच्या हृल्लेखकातील हालचालीच्या विकृतीवरूनच माणूस चालतो आहे, जिना चढतो आहे की हात हलवितो आहे, हे ओळखण्याची पद्धत त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली.

मुंबईच्याच भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे व मोबाइल फोनद्वारे आलेख दूर पाठविणारे हृल्लेखन उपकरण विकसित केले आहे. फुलंब्रीसारख्या (जि. छत्रपती संभाजीनगर) तालुक्याच्या गावाहून असा आलेख शहरातील हृदयरोगतज्ञाकडे पाठविल्यास, आधाररेषा रुग्णाच्या घामाने हलली की उघड्या पाकिटात वाळलेल्या जेलमुळे, हे तज्ञाला प्रत्यक्ष पाहता येत नाही. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात दोन्ही कारणे संभवतात. त्यामुळे आलेख काढणाऱ्याने त्वचा पुसून कोरडी करणे, आवश्यक तेथे केस काढणे आणि एका रुग्णास एकाच प्रकारची, शक्यतो एकाच पाकिटातील अग्रे लावणे इष्ट असते. भिन्न धातूंची अग्रे एकत्र वापरल्यास त्यांची वर्चसे परस्परांना रद्द करीत नाहीत.