इंग्रजीतील मापे, रंग आणि एक आडवी रेघ



'दोरी दहा फूट लांब आहे' हे इंग्रजीत 'द रोप इज टेन फीट लाँग' असे होते. मराठीप्रमाणेच आधी माप, मग विशेषण. परंतु हेच माप नामाच्या आधी आले की 'फीट' हे अनेकवचन जाऊन 'फूट' हे एकवचन येते व शब्द संयोगचिन्हाने जोडले जातात : 'अ टेन-फूट रोप'. तसेच 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय'. येथे 'इयर्स' नव्हे. लाँग, वाइड, डीप, थिक, टॉल, ओल्ड यांच्याआधी माप चालते. 'हेवी'आधी मात्र सहसा लावत नाहीत. तेथे 'द बॅग वेज टेन किलोज' असे क्रियापद वापरावे.

रंगाची छटा डार्क, लाइट, पेल, ब्राइट या शब्दांनी दाखवतात. गडद निळा म्हणजे 'डार्क ब्ल्यू'. 'डार्कली ब्ल्यू' नव्हे. 'लाइट'चे फिकट व हलके असे दोन अर्थ आहेत. म्हणून 'अ लाइट-ब्ल्यू बॅग' ही फिकट निळी पिशवी, तर स्वल्पविराम दिलेली 'अ लाइट, ब्ल्यू बॅग' ही वजनाने हलकी अशी निळी पिशवी.

आम्ही बँकेत काम करणारे, म्हणून या चिन्हाची किंमत हिशेबानेच सांगतो. 'ट्वेंटी फाइव्ह-रुपी नोट्स' म्हणजे पाच रुपयांच्या वीस नोटा, रुपये १००. 'ट्वेंटी-फाइव्ह रुपी नोट्स' म्हणजे एक रुपयाच्या पंचवीस नोटा, रुपये २५. रेघेची जागा बदलली आणि ७५ रुपयांचा फरक पडला! परीक्षेची उत्तरपत्रिका असो वा नोकरीचा अर्ज, लिहून झाल्यावर ही रेघ एकदा अवश्य तपासावी.