खरी प्रत कोणती? कॅश, कर्नल आणि उपकरणे

संगणकाची मुख्य मेमरी ही एकट्या प्रोसेसरची मालमत्ता नसते. नेटवर्क कार्ड, एसएसडी, कॅमेरा यांसारखी उपकरणे प्रत्येक बाइटसाठी प्रोसेसरला न थांबवता थेट मेमरीत माहिती लिहितात आणि तेथून वाचतात. या व्यवस्थेला ‘डायरेक्ट मेमरी ॲक्सेस’ किंवा थोडक्यात डीएमए म्हणतात. ती नसती तर मोठी फाइल उतरवून घेताना प्रोसेसरचा बराचसा वेळ बाइट इकडून तिकडे वाहण्यातच गेला असता. मात्र तिच्यामुळे एक अवघड प्रश्न उभा राहतो. एकाच पत्त्यावरील माहितीची एक प्रत प्रोसेसरजवळ आणि दुसरी मेमरीत असेल, आणि त्या दोन्ही जुळत नसतील, तर खरी कोणती मानायची?

प्रोसेसरजवळची प्रत कॅशमध्ये असते. मुख्य मेमरीतून माहिती आणण्यास आधुनिक प्रोसेसरला शंभराहून अधिक क्लॉक सायकल लागू शकतात, तर सर्वांत जवळच्या कॅशमधून तीच माहिती चार-पाच सायकलींत मिळते. म्हणून लागणारी माहिती प्रोसेसर आधी कॅशमध्ये उचलून ठेवतो. हे काम सुट्या बाइटांनी होत नाही, तर ‘कॅश लाइन’ नावाच्या तुकड्यांनी होते, आणि असा तुकडा बहुतेक प्रोसेसरांत ६४ बाइटांचा असतो. प्रोसेसरने एखादी लाइन बदलली की तो बदल लगेच मेमरीत जातोच असे नाही. ती लाइन ‘डर्टी’, म्हणजे मेमरीत उतरवायची बाकी असलेली, म्हणून कॅशमध्येच पडून राहते आणि जागा हवी झाली की केव्हातरी मागे लिहिली जाते. कीर्दीतील नोंद खतावणीत उतरली नसेल, तर खतावणीवरून ताळेबंद काढणाऱ्याचा हिशेब चुकतो. मेमरीतून थेट वाचणाऱ्या उपकरणाचेही नेमके तसेच होते.

घरातल्या किंवा कार्यालयातल्या इंटेल-एएमडी संगणकांवर हा प्रश्न सहसा जाणवत नाही, कारण तेथे उपकरणाच्या प्रत्येक व्यवहारावर हार्डवेअरच लक्ष ठेवते आणि कॅशमधील प्रत जुळवून घेते. या पाळतीसाठी चिपवर जास्तीची यंत्रणा लागते, आणि तिला वीजही लागते. म्हणून मोबाइल फोन, राउटर, छोटे बोर्ड यांतील अनेक आर्म आणि रिस्क-फाइव्ह चिपांमध्ये काही उपकरणे या पाळतीच्या बाहेर ठेवलेली असतात, आणि प्रती जुळवण्याची जबाबदारी सॉफ्टवेअरवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, कर्नलवर येते. डेस्कटॉपवर वर्षानुवर्षे बिनचूक चाललेला ड्रायव्हर, म्हणजे उपकरण हाताळणारा प्रोग्रॅम, आर्मच्या बोर्डावर मधूनच एखादे पॅकेट बिघडवतो, आणि तेही दर वेळी नाही, याचे कारण पुष्कळदा येथेच सापडते.

कर्नलच्या हाती मुख्यतः दोन क्रिया असतात. ‘क्लीन’ म्हणजे डर्टी लाइन मेमरीत उतरवणे. उपकरणाला माहिती देण्यापूर्वी ही क्रिया करावी लागते. ‘इनव्हॅलिडेट’ म्हणजे कॅशमधील प्रत बाद करणे, जेणेकरून पुढच्या वाचनाला प्रोसेसर मेमरीकडेच जाईल. उपकरणाकडून माहिती घेतल्यावर हिची गरज पडते. पहिली क्रिया जपणारी आहे, दुसरी टाकून देणारी, आणि या विषयातील बहुतेक धोके दुसरीतून येतात. कोणती प्रत टाकायची हे हार्डवेअरला कळत नाही; उपकरणाने केव्हा लिहिले आणि प्रोसेसरने केव्हा लिहायचे नव्हते, हे फक्त ड्रायव्हरला माहीत असते. म्हणूनच लिनक्सने या प्रश्नाला मालकीच्या शिस्तीचे रूप दिले. ड्रायव्हर एखादा बफर, म्हणजे मेमरीचा राखून ठेवलेला भाग, माहितीची दिशा सांगून उपकरणाच्या स्वाधीन करतो. तो परत ताब्यात येईपर्यंत प्रोसेसरने त्याला हात लावायचा नाही. आणि देण्याघेण्याच्या या दोन क्षणी कोणती क्रिया करायची ते कर्नल त्या त्या चिपनुसार ठरवतो.

नेटवर्क कार्डावर पॅकेट येते तेव्हा ही शिस्त कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. समजा, २,०४८ बाइटांचा, म्हणजे ३२ कॅश लाइनींचा, बफर कार्डाच्या स्वाधीन झाला. त्यातील एखादी लाइन डर्टी राहून गेली, तर कार्डाने नवे पॅकेट लिहिल्यानंतर ती जुनी लाइन मागे लिहिली जाईल आणि पॅकेटचे ६४ बाइट पुसून टाकील. म्हणून आधीच तिची सोय लावावी लागते. तेवढ्याने काम संपत नाही. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून प्रोसेसर मेमरी आगाऊ वाचत असतो, आणि कार्डाचे लिहिणे पुरे होण्याआधीच त्याने त्या बफरमधील जुनी माहिती कॅशमध्ये ओढलेली असू शकते. प्रोग्रॅममधील एकाही ओळीने बफरला स्पर्श केलेला नसतानाही हे घडू शकते. त्यामुळे पॅकेट आल्यावर प्रत पुन्हा बाद करावी लागते.

आधीची ती सोय कशी लावायची, याविषयी लिनक्सच्या ६४-बिट आर्म विभागात २०२२ मध्ये विल डीकन यांनी केलेली दुरुस्ती फार बोलकी आहे. तोपर्यंत उपकरणाने लिहायच्या बफरची कॅशमधील प्रत सुरुवातीलाच बाद केली जात असे. उपकरण तेथे लिहिणारच आहे, मग जुने टाकले तर बिघडले कुठे, असा त्यामागचा सरळ विचार होता. परंतु कर्नल मेमरीचे नवे पान देताना आधीच्या प्रक्रियेची माहिती त्यात राहू नये म्हणून ते शून्यांनी भरतो, आणि ती शून्ये अजून कॅशमध्येच असू शकतात. ती बाद झाली आणि उपकरणाने बफर अर्धाच भरला, तर उरलेल्या अर्ध्या भागात मेमरीतील जुनी माहिती, कदाचित दुसऱ्या कोणाची खासगी माहिती, उघडी पडते. म्हणून आता सुरुवातीला प्रत बाद न करता ती क्लीन केली जाते, आणि बाद करण्याचे काम व्यवहार संपल्यावर होते. दोन क्रियांतील ही अदलाबदल दिसायला किरकोळ आहे. तिच्यामागचा विचार मात्र सुरक्षेच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा आहे.

दुसरी अडचण लाइनीच्या आकारातून येते. ड्रायव्हरच्या एखाद्या रचनेत १६ बाइटांचा बफर आणि त्याला लागूनच एक गणक असेल, तर दोन्ही एकाच लाइनीत बसतात. बफर बाद करताना गणकाची ताजी किंमतही जाते, आणि गणक जपावा म्हणून लाइन मागे लिहिली तर उपकरणाने लिहिलेले जाते. यातून सुटका एकच, ती म्हणजे अशा बफरला अख्खी लाइन स्वतंत्र देणे. आर्मच्या काही चिपांत लाइन मोठी असल्याने ६४-बिट आर्मवरील लिनक्स कर्नलमधील लहानात लहान मागणीलाही बरीच वर्षे १२८ बाइटांचा तुकडा देत असे. आठ बाइट मागितले तरी १२८ अडकत. २०२३ मधील लिनक्स ६.५ आवृत्तीत ही सक्ती सैल झाली. आता लहान तुकडे लहानच दिले जातात, आणि त्यांपैकी एखादा पाळतीबाहेरच्या उपकरणाकडे जायचा असेल, तर त्यातील माहिती वेगळ्या, लाइनीच्या हद्दीत नीट बसणाऱ्या बफरमध्ये उतरवून तेथूनच उपकरणाशी व्यवहार केला जातो.