साप की सापसुरळी?

आम्ही हमालांच्या संघटनेचे काम करतो. प्राणिशास्त्र आम्हाला कोणी शिकविले नाही. जे थोडे कळते ते वाचून आणि विचारून. तरी हा विषय आम्ही मागून घेतला, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका वखारीत तंबाखूची पोती हलविताना खालून वीतभर लांबीचे, चकचकीत, वळवळणारे काहीतरी निघाले. ‘सापाचं पिल्लू!’ म्हणून ओरड झाली. फावडे आमच्याच हातात होते, घाव घातला. पाहतो तो त्याला चार इवलेसे पाय! तुटलेले शेपूट बाजूला एकटेच उड्या मारीत होते. त्या गडबडीत काम थांबले म्हणून मालकाने मजुरी कापली आणि ती सोडवायला आम्हाला आठ दिवस भांडावे लागले. मजुरी मिळाली, सापसुरळी हकनाक गेली.

सापसुरळी ही पालीच्या गोतातली. तिला कोणी सापाची मावशी म्हणतात, पण तिच्याजवळ विष नाही. काही जातींचे पाय इतके आखूड की धावताना दिसतच नाहीत. मुळीच पाय नसलेल्या सुरळ्याही आपल्या देशात आहेत, पण त्या पूर्व किनाऱ्याकडे. शाहू महाराजांनी आपले जयसिंगपूर वसविले त्याच १९१७ साली ॲनन्डेल या शास्त्रज्ञाने ओरिसातील चिल्का सरोवराच्या बरकूड बेटावरून अशी एक जात जगापुढे आणली. आपल्याकडे बिनपायाचे म्हणून जे बारीक, काळपट, गांडुळासारखे सापडते, ते बहुधा वाळा असते. तो खराच साप, पण बिनविषारी व जवळजवळ आंधळा. मुंग्यांची व वाळवीची अंडी खाऊन जगतो. त्याच्यात नर आढळतच नाहीत, माद्याच माद्यांना जन्म देतात. कुंड्यांतल्या मातीबरोबर त्याने निम्म्या जगाचा फुकट प्रवास केला आहे!

ओळख कशी पटवावी? सुरळीच्या डोळ्याला पापणी असते, ती मिटते. सापाला पापणी नाही. सुरळीच्या डोळ्यामागे कानाचे छिद्र दिसते. सापाला तेही नाही. मात्र हे सारे दुरूनच पाहायचे. मण्यारीचे, घोणसाचे किंवा फुरशाचे पिल्लूही वीतभरच असते आणि त्याला जन्मापासून विष असते. मण्यारीचा दंश तर पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून खात्री नसेल तर हात लावू नये, मारूही नये. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता तडक सरकारी दवाखाना गाठावा. तेथे प्रतिविष मिळते.

सुरळी आहे अशी खात्री पटली तर काम सोपे आहे. बाहेर दिसली तर वाटेला जाऊ नये. घरात शिरली असेल तर तिच्यावर रुंद तोंडाची बरणी पालथी घालावी, खालून पुठ्ठा सरकवावा आणि जवळच्याच सावलीत, पाल्यापाचोळ्यात सोडून द्यावे. लांब नेऊ नये. शेपूट धरू नये, ते तुटते. पुन्हा फुटते खरे, पण त्यासाठी बिचारीला साठविलेली चरबी खर्चावी लागते. मुलांना दाखवायची तर पाच मिनिटे दाखवावी. बरणी उन्हात ठेवू नये. पाळण्याचा मोह नको. माती उकरताना अंडी निघाली तर ती न उलटता आहेत तशीच झाकावीत.

२०१९ सालच्या महापुरात शिरोळ तालुक्यात माणसांची घरे बुडाली, तशी मातीखाली राहणाऱ्या या जिवांचीही बुडाली. पाणी चढले की ती उंबऱ्याशी येतात, आणि आपण तेवढ्यात काठी शोधतो. पाचट पेटविले की तीच गत. ऊसकरी मंडळींना हे सांगितले की ती हसतात, हसोत.

आमच्या वखारीत आता खुंटीवर पुठ्ठा आणि खाली बरणी असते. पहिली बरणी कोणीतरी लोणच्याला घरी नेली, म्हणून दुसरी आणावी लागली.