दहा दिवस उशीर झाला आणि क्रेडिट कार्डाचा व्याजदरच वाढला, आता काय करायचं?

मुंब्र्याचा एक तरुण, अंधेरीला नोकरी. २०२५ च्या रमजानमध्ये त्याने क्रेडिट कार्डावर ३० हजारांचा फ्रीज घेतला, नंतर घरच्यांचे ईदचे कपडे १२ हजारांचे. एकूण बिल ४२ हजार, भरायची शेवटची तारीख ७ एप्रिल. ३१ मार्चला ईद झाली, मंडळी खेडकडे गावी गेली, पाहुणे, दावती, आणि बिल राहून गेलं. १७ एप्रिलला आठवलं तेव्हा त्याने लगेच पूर्ण ४२ हजार भरले. त्याला वाटलं विषय संपला.

पुढच्या बिलात साधारण साडेतीन हजार जास्तीचे लागून आले. जूनमध्ये बँकेचा ईमेल आला की तुमच्या खात्याचा व्याजदर महिना ३ टक्क्यांवरून ३.७५ टक्के करण्यात आला आहे. बिचारा ईमेल घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "भाई, दहा दिवसांचे साडेतीन हजार? आणि वरून दरही वाढवला? हे कायद्यात बसतं का?"

बसतं. पण त्यातलं सगळं नाही, आणि तेच समजून घेणं गरजेचं आहे.

आधी हिशेब. आपल्यापैकी बहुतेकांचा समज असा की दहा दिवस उशीर म्हणजे दहा दिवसांचं व्याज. तसं नसतं. कार्डावर जे ४५-५० दिवस बिनव्याजी मिळतात, ते संपूर्ण बिल वेळेत भरलं तरच. एकदा का तारीख चुकली की ती सवलत मागे जाते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. फ्रीज १ मार्चला घेतला, पैसे १७ एप्रिलला गेले, म्हणजे ४७ दिवस. वार्षिक ३६ टक्क्यांनी ३० हजारांवर सुमारे १,३९१ रुपये. कपडे १० मार्चचे, ३८ दिवस, सुमारे ४५० रुपये. उशिराचा दंड, ज्याला बँका लेट फी म्हणतात, १,१०० रुपये. आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, ५२९ रुपये. बेरीज ३,४७० च्या आसपास. (घराच्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो. हे फार जणांना माहीत नाही.)

एवढ्यावर थांबत नाही. १८ मार्चला बिल निघालं, त्यानंतर त्याने कार्डावर किराणा, रिचार्ज, गाडीचं तिकीट असं काही ना काही घेतलंच होतं. आधीचं बिल थकलेलं असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. म्हणून पैसे भरूनही पुढच्या बिलात पुन्हा थोडं व्याज दिसतं. लोकांना वाटतं बँकेने फसवलं. फसवणूक नाही, पण कार्ड देताना हे कुणी सांगतही नाही, हेही खरं.

आता दर वाढवण्याचा मुद्दा. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांसाठी नियम आणले. ग्राहकाचा परतफेडीचा इतिहास पाहून वेगवेगळा दर लावायला त्यात मनाई नाही. पण अट आहे की त्यात पारदर्शकता हवी, म्हणजे कोणत्या प्रकारच्या ग्राहकाला कोणता दर, हे बँकेने आपल्या वेबसाइटवर आणि इतर मार्गांनी जाहीर केलं पाहिजे. व्याज कसं मोजतात तेही उदाहरण देऊन आधीच सांगितलं पाहिजे. त्यामुळे "माझा दर का वाढवला, कोणत्या वर्गवारीत मला टाकलं आणि ही वर्गवारी कुठे जाहीर केली आहे?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बँकेने उत्तर द्यायला हवं.

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज अजून फिरतो की ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं बेकायदा आहे, भरू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसा आदेश दिला होता, हे खरं. पण सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला तो रद्द केला. आज त्या मेसेजच्या भरवशावर बिल अडवून ठेवणारा स्वतःचंच नुकसान करून घेईल.

पाऊण टक्क्याने काय मोठा फरक पडतो, असं वाटेल. ज्याला पूर्ण बिल भरणं जमत नाही त्याला विचारा. समजा ४२ हजार थकले आहेत आणि तो दर महिन्याला "किमान रक्कम" म्हणून ५ टक्के, म्हणजे २,१०० रुपये भरतो. ३ टक्के दराने महिन्याचं व्याज १,२६० आणि त्यावर जीएसटी धरून १,४८७ जातात. मूळ कर्जातून फिटतात फक्त ६१३ रुपये. दर ३.७५ झाला की व्याज आणि जीएसटी मिळून १,८५८ होतात. मग २,१०० भरून कर्ज किती कमी झालं? २४२ रुपये. वर्षानुवर्षं भरत राहा, आकडा हलल्यासारखा वाटणार नाही. किमान रक्कम भरली की लेट फी टळते आणि क्रेडिट अहवालात थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही, एवढाच तिचा उपयोग. व्याज तिने थांबत नाही.

तर करायचं काय? पहिली गोष्ट, त्या कार्डावरची खरेदी बंद. दूध, पेट्रोलसुद्धा नाही. दुसरी, बँकेला फोन करून किंवा अॅपवर पाहून "आज खातं शून्य करायला नेमके किती लागतील" हा आकडा घ्या, कारण छापील बिलातली रक्कम जुनी असते. पैसे टप्प्याटप्प्याने येत असतील तर महिनाअखेरची वाट न बघता येतील तसे भरा. व्याज रोजच्या थकबाकीवर मोजतात, आज भरलेल्या पाच हजारांवर उद्यापासून व्याज नाही.

एकदम भरणं शक्य नसेल तर बँक थकबाकीचे हप्ते करून देते. दर कार्डापेक्षा बराच कमी असतो, पण तेही व्याजच. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्याने त्याआधी घरात, नातेवाइकांत कर्जे हसना मागून बघावं. काही गावांत बिनव्याजी सोसायट्या आहेत. मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी असते, अडचण सांगितली तर नंबर आधी मिळतो. मागायला लाज वाटते हे मान्य, पण ४५ टक्के भरताना ती कुणाला दिसत नाही इतकाच फरक. (मुळात क्रेडिट कार्ड घेणं जायज की नाही यावर आलिमांमध्ये चर्चा आहे. काही जण वेळेत पूर्ण भरण्याच्या अटीवर परवानगी देतात, तर करारातच व्याजाची अट असल्याने आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने २००० मध्ये रियाधच्या बैठकीत अशा कार्डाला नकार दिला. तो मसला आपल्या मुफ्तींना विचारावा.)

पैसे भरले की लेखी मागणी करा. नुसता फोन नको, ईमेल हवा. त्यात तीन गोष्टी: याआधी माझा उशीर झालेला नाही, लेट फी आणि त्यावरचा जीएसटी परत करावा, आणि दर पूर्ववत करावा किंवा वाढीचं कारण लेखी कळवावं. लेट फी पहिल्या चुकीला माफ करणं बँकेच्या मर्जीवर असतं, पण मागणाऱ्याला बऱ्याचदा मिळते. उशीर तीन दिवसांपर्यंतचा असेल तर मर्जीचा प्रश्नच नाही. नियमाप्रमाणे तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकल्याशिवाय लेट फी लावता येत नाही आणि क्रेडिट ब्युरोला कळवताही येत नाही. तसंच दंड हा उरलेल्या रकमेवरच लागतो, पूर्ण बिलावर नाही. ४० हजार भरले आणि दोन हजार राहिले, तर दंड दोन हजारांच्या हिशेबाने. बिल तपासताना या दोन जागा नक्की बघा, चूक इथेच सापडते.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन होते. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. मात्र आधी बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीचा पुरावा लागतो, म्हणून ईमेलवर जोर दिला.

कार्डच नको असेल तर बंद करा. थकबाकी शून्य असेल तर अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केलं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. "सर, थांबा, ऑफर देतो" म्हणणाऱ्या फोनवर फार वेळ घालवू नका.

वसुलीवाल्यांचा त्रास ज्यांना आहे त्यांच्यासाठी: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला मनाई आहे. शेजाऱ्यांसमोर बेइज्जती करणं, नातेवाइकांना किंवा मित्रांना फोन लावून छळणं, हेही चालत नाही. कॉल रेकॉर्ड करा, तारीख-वेळ लिहून ठेवा. आणि "निम्मे भरा, सेटलमेंट करून टाकू" या बोलण्याला घाईने हो म्हणू नका. क्रेडिट अहवालात "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि पुढे घराच्या किंवा मुलांच्या शिक्षणाच्या कर्जाला तो आडवा येतो. अहवाल चारही ब्युरोंकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, मागवून बघा.

मुंब्र्याच्या त्या तरुणाने ईमेल केला. बाराव्या दिवशी लेट फी आणि तिचा जीएसटी मिळून १,२९८ रुपये खात्यात परत आले. व्याज परत मिळालं नाही. दराबद्दल उत्तर आलं की सहा महिने वेळेत भरा, मग फेरविचार करू. त्याने बिलाची तारीख पगाराच्या तारखेला जुळवून घेतली (ही सोय देणं आता बँकांना बंधनकारक आहे) आणि ऑटो-पे लावला. लावताना अॅपवर आधीच "किमान रक्कम" वर खूण होती. त्याने ती काढून "पूर्ण रक्कम" वर केली.