पैलतीरावरचा विद्यार्थी

काशीच्या अस्सी घाटावर उभे राहून प्रवाहाच्या वरच्या अंगास दृष्टी टाकली, म्हणजे गंगेच्या पैलतीरी काशीनरेशांचा रामनगरचा किल्ला दिसतो. यात्रेस गेलेली आपल्याकडील मंडळी नावेतून तेथवर जातात, किल्ला पाहतात आणि परततात. त्याच गावात एक साधे घर आहे. तिकडे मात्र थोड्यांचेच पाय वळतात. लालबहादूर शास्त्री यांचे हे वडिलोपार्जित घर. आता तेथे त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे.

शास्त्रीजींच्या विद्यार्थिदशेतील एक कथा घरोघरी मुलांना ठाऊक असते. नावाड्यास द्यावयास पैसे नाहीत, म्हणून हा मुलगा पुस्तके डोक्यावर बांधून गंगा पोहून शाळेस जाई! पावसाळ्यातील गंगा ज्याने पाहिली आहे, त्याला ही रोजची गोष्ट वाटणार नाही. एखाद्या दिवशी तसे घडलेही असेल. परंतु या मुलाने शाळेपायी जे सोसले आणि शेवटी जे सोडले, ते नदी पोहण्याहून अवघड होते. ते सहसा कोणी सांगत नाही.

लालबहादूर यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी मुगलसराय येथे आजोळी झाला. वडील शारदाप्रसाद आधी शिक्षक, मग अलाहाबादेस महसूल कचेरीत कारकून होते. १९०६ साली प्लेगने त्यांचा अंत झाला, तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता. आई रामदुलारीदेवी मुलांना घेऊन माहेरी आल्या. आजोबा मुन्शी हजारीलाल हे रेल्वेच्या शाळेत इंग्रजी शिकवीत. १९०८ साली तेही गेले. पुढे आजोबांच्या भावाने व पुतण्याने या कुटुंबाचा भार उचलला. त्यांपैकी एक अफूखात्यात हेडक्लार्क, दुसरे शाळामास्तर. म्हणजे या घरातील प्रत्येक घास शाळेतून नाहीतर कचेरीतून आलेला होता. विधवा आईने मुलाकडून कोणती आशा धरली असेल, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

१९१७ च्या सुमारास लालबहादूर काशीच्या हरिश्चंद्र हायस्कुलात सातवीत दाखल झाले. भर उन्हाळ्यातही ते अनवाणी शाळेस जात. जातिवाचक आडनाव त्यांनी याच सुमारास टाकून दिले. तेथे निष्कामेश्वर मिश्र नावाचे देशभक्त शिक्षक होते. मुलाची ओढाताण त्यांनी ओळखली. पण नुसते पैसे हातावर ठेवले नाहीत. आपल्या मुलांना शिकविण्याचे काम त्यांनी या विद्यार्थ्याकडे सोपविले. मदतही झाली आणि मान खाली घालण्याची पाळी आली नाही.

जानेवारी १९२१. लालबहादूर सोळा वर्षांचे, दहावीच्या वर्गात. परीक्षा अवघी तीन महिन्यांवर. काशीत महात्मा गांधींची सभा झाली. सरकारी शाळा सोडा, असे आवाहन विद्यार्थ्यांस करण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी या मुलाने शाळा सोडली. मॅट्रिकचा दाखला म्हणजे त्या काळी पोटापाण्याची हमी. ती परीक्षेच्या दारातून परत फिरविली गेली. आईच्या आशा धुळीस मिळाल्या. नातलगांनी परोपरीने समजावले. या अविचाराने घर बुडेल, असे त्यांना वाटत होते, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? मुलगा मात्र ढळला नाही. पोलिसांनी त्याला पकडले, पण वय लहान म्हणून सोडून दिले.

शाळा सोडलेल्या अशा मुलांचे पुढे काय, हा प्रश्न होताच. १० फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते काशी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. हिंदू विश्वविद्यालय वेगळे. हे राष्ट्रीय शिक्षणासाठी निघालेले, सरकारी मदत नाकारणारे विद्यापीठ. डॉ. भगवानदास यांच्यासारखे तत्त्वज्ञ तेथे शिकवीत. लालबहादूर तेथे शिकू लागले आणि १९२५ साली तत्त्वज्ञान व नीतिशास्त्र हे विषय घेऊन पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. सरकारी कचेरीत त्या पदवीला किंमत नव्हती. पदवीचे नाव होते ‘शास्त्री’.