दर बदलला तरी बिल चुकू नये : संगणकाच्या फायलीत काय खुले ठेवावे?



३१ डिसेंबर २०२१ हा दिवस कापडवाल्यांच्या लक्षात असेल. १ जानेवारीपासून कापडावर आणि तयार कपड्यांवर ५ ऐवजी १२ टक्के जीएसटी लागणार, असा आदेश नोव्हेंबरातच निघाला होता. ऐन आदल्या दिवशी जीएसटी परिषदेने ही वाढ थांबवली. दादरच्या आमच्या दुकानात संगणकवाल्याने दर आधीच बदलून ठेवले होते. ते परत फिरवताना एक काउंटर राहून गेला. तेथे ८०० रुपयांच्या शर्टावर ४० ऐवजी ९६ रुपये कर लागला. ओळखीच्या गिऱ्हाइकांना पैसे परत केले. बाकीच्यांना कोठे शोधणार?

चूक कोठे होती? दुकानातील मुख्य संगणकाला सर्व्हर म्हणतात. कर किती, प्रिंटर कोणता, बिलाचा क्रमांक कोणता, हे सांगणारी कॉन्फिगरेशन फाईल तो प्रत्येक काउंटरसाठी आपोआप तयार करतो. आमच्याकडे कराचा आकडा साच्यातच ठिकठिकाणी लिहिलेला होता. शिंपी असे करीत नाही. त्याची कापण्याची रीत एकच, मापे मात्र वहीत. गिऱ्हाइकाचे पोट वाढले तर तो वहीतला आकडा बदलतो, रीत नाही. तसाच साचा एकीकडे आणि बदलणारे आकडे एकाच तक्त्यात ठेवावेत. या आकड्यांनाच पॅरामीटर म्हणतात.

बरेच जण फक्त कराचा दर खुला ठेवतात. तेवढ्याने भागत नाही. तयार कपड्यांवर नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के, असा हिशेब होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मर्यादा २५०० रुपये झाली आणि वरचा दर १८ टक्के. १५०० रुपयांच्या कुर्त्याचा कर १८० वरून ७५ रुपयांवर आला. ३००० च्या लेहंग्याचा ३६० वरून ५४० वर गेला. ज्याने १००० हा आकडा साच्यात ठोकून फक्त १२ चे १८ केले, त्याच्या बिलात त्याच कुर्त्यावर २७० रुपये लागणार! म्हणून दर, मर्यादा आणि लागू होण्याची तारीख, तिन्ही खुले हवेत. तारीख यासाठी की जुन्या बिलाचा माल परत आला तर त्या दिवशीचाच दर धरावा लागतो.

मात्र सारेच खुले ठेवू नये. मर्यादा प्रत्येक नगावर पाहायची, पूर्ण बिलावर नाही. हा नियम साच्यातच पक्का असावा. गिरगावच्या शाखेचा प्रिंटर वेगळा असू शकतो, कर वेगळा नसतो. म्हणून प्रिंटर काउंटरवर बदलता यावा, कर फक्त मालकाच्या तक्त्यातून. तक्त्यात दराची जागा रिकामी राहिली तर संगणकाने शून्य धरू नये; फाईल न बनवता तसे कळवावे. नाही तर कर आपल्या खिशातून जाईल.

आणखी एक. तयार झालेल्या फाईलला हात लावू नये; पुढच्या वेळी सर्व्हर नवी फाईल बनवील आणि हाताने केलेली दुरुस्ती पुसली जाईल. बदल तक्त्यातच करावा. प्रथम एका काउंटरवर २५०० आणि २५०१ रुपयांची दोन नमुना बिले काढावीत, जुनी फाईल जपून ठेवावी, मगच सर्वत्र पाठवावे.

जास्त घेतलेला कर कायद्यानेही दुकानदाराचा होत नाही, तो सरकारात भरावा लागतो. आणि कुरआनच्या ८३व्या सूरहचे नावच 'अल-मुतफ्फिफीन', म्हणजे मापात मारणारे, असे आहे. आज तराजूची जागा संगणकाने घेतली. त्याची दांडी सरळ ठेवण्याची जबाबदारी संगणकवाल्यावर ढकलता येणार नाही, ती आपलीच आहे.